मेणावर चढवलेली राळ

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्यं होती, पण डोंगरांना अजून नावं पडली नव्हती. अशाच एका डोंगराच्या उभ्या कड्यावर आग्या मोहोळं लटकत. पायथ्याच्या वाडीतला एक माणूस दोरावर लोंबकळून त्यांचा मध काढायचा. वर दोर धरायचा त्याचा मेहुणा. बहिणीचं कुंकू ज्याच्या हाती, तो दोर कसा सोडेल? खाली टोपली घेऊन बायको उभी राहायची. कड्यावर एकच नियम होता, ओरडायचं नाही. आवाजाने माशा उठल्या की माणसाचं वाचणं कठीण.

त्याचा सुरा पात्यापासून मुठीपर्यंत लोखंडी होता. हात मधाने ओले झाले की मूठ सटकायची. म्हणून त्याने घरीच मुठीला खरखरीत लेप द्यायचं ठरवलं.

बायको म्हणाली, "आधी मूठ राखेनं घासा, कढत पाण्यानं धुवा. वर्साचं मेण बसलंय तिच्यावर. त्यावर राळ धरायची न्हाई."

"आणि तवर पलीकडच्या वाडीनं मोहोळ नेलं म्हंजे?"

ती पाण्याला गेली, तेव्हा त्याने राळ वितळवून तीत बारीक वाळू कालवली आणि लेप मेणावरच चढवला. थंड झाल्यावर मूठ अशी झकास दिसू लागली की त्याने ती मेहुण्याला कौतुकाने दाखवली. वरून कीर्तन, आतून तमाशा, दुसरं काय!

"धुतली न्हवं?" बायकोने परत येताच विचारलं.

"धुतली की."

त्या शब्दावर विसंबून ती कड्यापाशी नेमकी त्याच्या खाली उभी राहिली.

पुढचं सांगताना माझेही तळहात ओले होतात. त्याने मोहोळाखाली धुराचा पलिता धरला. धग मुठीला लागली, आतलं मेण पातळ झालं आणि लेप त्याच्या हातात हळूच फिरला. खाली बायको मान वर करून उभी होती. ओरडावं, तर माशा उठणार. दोर हलवला असता तर मेहुण्याने त्याला वर ओढून घेतलं असतं, पण मग खोटं उघडं पडलं असतं. एवढं एक पोळं कापू, असं म्हणून त्याने सुरा खुपसला आणि ओढला.

लेप हातात राहिला. सुरा निसटला.

"सरक गं!" तो किंचाळला.

ती सरकली, पण पुरती नाही. सुरा तिच्या खांद्यात उतरला, आणि वर सगळं मोहोळ घोंगावत उठलं. मेहुण्याने माशा अंगावर घेत दोर ओढला, म्हणून तो जिवंत राहिला.

तीही वाचली, पण तिचा उजवा हात पुन्हा कधी उचलला गेला नाही. ती त्याला एवढंच म्हणाली, "धुतली नव्हती, तर सांगायचं तरी. मी बाजूला हुबी राहिले असते."

तो तिच्या पायाशी बसून रडला.

तेव्हा लहानथोरहो, लक्षात ठेवा: मळावर चढवलेला लेप ऐन वेळी सुटतो, आणि घाव बसतो तो आपल्या शब्दावर विसंबून उभ्या राहिलेल्या माणसाला.