गव्हाणीतला पहिला घास

शेवट आधीच वळखलास तर माझा फेटा तुझा.

लई वर्सांमागं तारेच्या कुंपणात पाळलेल्या चितळांचा शिंगाड्या म्होरक्या होता. गव्हाणीतला पहिला घास त्याचाच. एकदा त्याच्या तोंडात फोड आले, लाळ गळाय लागली. मालक आजाऱ्याला वेगळं कोंडायचा. पहिला घास जाईल म्हणून त्यानं बोंब ठोकली, "रानातली हरणं रोग आणत्यात. मालक, अजून एक कुंपण घाला."

बाहेरनं रानातली भुरी हरणी म्हणाली, "दादा, लाळ तर तुमचीच गळतीया."

"लाळ न्हाई, भूक हाय ती," म्हणत त्यानं गव्हाणीत तोंड घातलं. मागनं सगळ्या कळपानं त्याचं उष्टं खाल्लं.

मालकानं दुसरं कुंपण घातलं, म्हणून रानातली वाचली. आत उष्टं खाल्लेला कळप त्याच रोगानं मेला, एकटा शिंगाड्या उरला. आता गव्हाणीतला पहिला घास त्याचा, अन् शेवटचाबी त्याचाच.