कच्च्या लिंबाची चौकशी

"कच्चा लिंबू म्हणजे काय, आणि हा शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाला, ते आठ दिवसांत मला कळलं पाहिजे. नाही कळलं तर त्या तांबोळणीचं बिऱ्हाड पोरीसकट वेशीबाहेर!"

खडकवणीच्या सर्जेराव महाराजांनी हा हुकूम सोडला आणि जिवूबाई तांबोळणीच्या पायांखालची जमीनच सरकली. पोर म्हणजे तिचीच सात वर्षांची चिंगी.

आणि झालं होतं तरी काय? पाच वर्षांचे बाळराजे हुजऱ्यांचा डोळा चुकवून गल्लीत लपाछपी खेळायला गेले. चिंगीने त्यांना आनंदाने खेळात घेतलं आणि बाकीच्यांना बजावलं, हा कच्चा लिंबू आहे, याच्यावर राज्य नाही. बाळराजांनी उड्या मारत घरी येऊन ही बातमी वडलांना सांगितली. महाराजांचं डोकंच फिरलं. राजाच्या मुलाला कच्चा म्हणायचं, आंबट म्हणायचं, आणि वर राज्यही नाकारायचं?

आता शब्दाचा पहिला धनी शोधायचा म्हणजे वाऱ्याची मोट बांधायची. पण दरबारात शहाण्यांना काय तोटा! राजशास्त्री म्हणाले, लिंबाने दृष्ट काढतात, म्हणून ज्याला कोणाची दृष्ट लागत नाही तो कच्चा लिंबू. ही तर मोठी पदवी झाली. लगेच सगळे सरदार एकमेकांना 'या कच्चे लिंबू, बसा कच्चे लिंबू' करू लागले. तिसऱ्या दिवशी राजवैद्यांनी सांगितलं की कच्चा लिंबू हे पित्ताचं नाव आहे. पदवी घेतलेल्या सरदारांनी गुपचूप चूर्ण घेतलं. पाचव्या दिवशी सेनापतींना वाटलं, ही शत्रूची खूण असणार. त्यांनी लिंबांच्या गाड्या वेशीवर अडवल्या आणि भर वैशाखात गावाला सरबत मिळेना.

जिवूबाईनेही गावातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना विचारून पाहिलं. शब्द ऐकलेला सगळ्यांनी, काढलेला कोणीच नाही. सातव्या दिवशी ती डोळे पुसत राजवाड्यात दुपारचे विडे द्यायला गेली. महाराज रोजच्यासारखे दिवाण त्रिंबकपंतांशी बुद्धिबळ खेळत होते आणि रोजच्यासारखे जिंकत होते. तीस वर्षांत महाराज एकही डाव हरले नव्हते, हे खडकवणीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जिवूबाई तबक ठेवायला वाकली आणि तिला दिसलं की पंतांचा हात घोड्याकडे गेला, थबकला आणि उगाचच एक प्यादं सरकवून परत आला. ती तशीच घरी आली आणि आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.

आठव्या दिवशी सकाळी ती महाराजांना एकट्याला भेटली. म्हणाली, कच्चा लिंबू दाखवते, पण अंगठ्या उतरवून पडद्याआड बसायचं, एक डाव खेळायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. महाराजांना गंमत वाटली. ते बसले. पट मधोमध ठेवला आणि वरून पडदा असा सोडला की पटावर फक्त हात दिसावेत. मग तिने पंतांना बोलावलं. गावाकडून दीर आलाय, त्याला आपल्याशी एक डाव खेळायची फार हौस आहे, पण त्याचे डोळे आलेत, म्हणून मध्ये पडदा, असं तिने सांगितलं. डोळे आले म्हटल्यावर पंतांनी पडदा स्वतःच आणखी नीट ओढून घेतला.

डाव सुरू झाला आणि पंतांच्या अंगात जणू वारं शिरलं. दहा खेळ्यांत त्यांनी हत्ती मारला, बाराव्या खेळीला वजीर.

"अहो पाव्हणं," पंत खदखदा हसत म्हणाले, "वजीर असा उघड्यावर टाकतात होय? इतका कच्चा खेळ मी आयुष्यात एकाच माणसाचा पाहिलाय, आणि त्याचं नाव काही मला घेता येत नाही!"

त्यांनी शह दिला, मात केली आणि मिशीला पीळ भरला. तेवढ्यात जिवूबाईने पडदा बाजूला केला.

पंतांचा हात मिशीवरच राहिला. महाराजांचा चेहरा लालबुंद झाला होता. पण आता जिवूबाईला माघार घेऊन चालणार नव्हतं.

"महाराज, शब्द पहिल्यांदा कोणी काढला ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण खेळात कोणी नाजूक असतं. त्याला हरवलं तर ते रुसून जाईल आणि खेळ मोडेल, म्हणून त्याला सांभाळून घेतात. असं माणूस जिथे भेटेल तिथे हा शब्द आपोआप जन्मतो. आमच्या गल्लीत तो तोंडावर म्हणतात. दरबारात मनात म्हणतात."

पंत घामाने निथळत होते. महाराजांनी मात झालेला आपला राजा पटावरून उचलला.

"मग आमचा बाळ जन्मभर कच्चाच राहणार?" त्यांनी विचारलं.

"छे हो. थोडा मोठा झाला की पोरं एक दिवस त्याला धरतील, त्याच्यावर राज्य देतील. त्या दिवशी तो पक्का."

"आणि मी?" महाराजांनी अगदी हळू विचारलं. "मी कधी पक्का होणार?"

"झालात की, महाराज. आत्ताच नाही का हरलात!"

महाराज असे हसले की बाहेरचे पहारेकरी आत धावले. हसता हसताच त्यांनी हुकूम सोडला, जिवूबाईला राहतं घर इनाम, आणि बाळराजे उद्यापासून रोज गल्लीत खेळायला जातील. मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पट स्वतःच्या हाताने पुन्हा मांडला.

"बसा पंत," ते म्हणाले, "आणि आता हरलात ना, तर तुमचं बिऱ्हाड वेशीबाहेर!"