मांदळदऱ्याचे राखेचे गाडगे

मांदळदऱ्याच्या प्रार्थनामंदिरात व्यासपीठाच्या पायाशी राखेने भरलेले एक मातीचे गाडगे आहे. पाहुण्यांना वाटते, झाडलोट करताना भरले आणि टाकायचे राहून गेले. मग शमुवेलबाबा पाटोळे, मंदिराची किल्ली ज्यांच्या कनवटीला असते ते, पायरीवर बसतात आणि पाहुण्यांनाही बसवतात. घाई असणाऱ्याला ते गोष्ट सांगत नाहीत.

फार जुनी गोष्ट, म्हणे. दऱ्यातल्या अकरा घरांनी बाप्तिस्मा घेतला, त्या दिवशी मिशनच्या साहेबांनी मंदिरात एक दिवा लावला. मंदिर म्हणजे तेव्हा कुडाच्या भिंती आणि वर गवत. "पवित्र आत्मा अग्नीसारखा उतरला होता. तो अग्नी तुमच्या काळजात राहो. खूण म्हणून हा दिवा मी परत येईपर्यंत विझू देऊ नका," एवढे सांगून साहेब घोड्यावर बसून गेले. मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी, नेमला होता दानियल. तो सगळ्यांदेखत उभा राहिला आणि म्हणाला, "इझला, तर म्या वडील ऱ्हानार न्हाई."

दानियलचा विश्वास खणखणीत होता, त्यात खोट नव्हती. तो प्रार्थनेला उभा राहिला की ओढ्यापलीकडच्या म्हशी माना वर करायच्या, असे सांगतात. डोळ्यांत तेल घालून तो दिवा राखी. पण राखता राखता त्याची नजर दिव्यावरून माणसांवर गेली. कोण गाताना नुसते ओठ हलवतो, कोण प्रार्थनेत जांभई देतो, कोणाचे डोळे कोरडेच राहतात. आपल्यासारखे पेटलेले कुणी त्याला दिसेना, आणि दिसत नाही ते विझलेलेच, असे त्याने धरून टाकले. दुसऱ्याचे कुसळ शोधायला आपले मुसळ कधी आड येत नाही.

सगळ्यात जास्त संशय त्याला सारूबाईचा. ही एकटी विधवा मागच्या खांबाला टेकून बसायची. गात नसे, उभी राहून विश्वासाची साक्ष देत नसे, आमेनसुद्धा तोंडातल्या तोंडात. आणि संध्याकाळची प्रार्थना संपून माणसे पांगली की दिव्यापाशी जाऊन क्षणभर वाकायची आणि पदराखाली काहीतरी झाकून निघून जायची. तेल चोरते म्हणावे, तर तेल कमी होत नव्हते. मग नक्की ओढ्याकाठच्या जुन्या म्हसोबापुढे नेऊन ठेवत असणार, मंदिरातला अग्नी! एका संध्याकाळी दानियल तिच्या मागोमाग गेला. ती ओढ्याकडे वळलीच नाही, सरळ आपल्या घरी गेली. तरी त्याचे समाधान झाले नाही. आपली चाहूल तिला लागली असणार, असे त्याला वाटले. कावीळ झालेल्याला दूधही पिवळेच.

शेवटी आत्मा उतरल्याच्या सणाला, ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवशी, भर सकाळच्या उपासनेत त्याने तिला उभे केले.

"सारूबाई, पदराखाली काय नेतीस रोज? सांग समद्यांम्होरं. न्हाईतर या मंडळीत तुला जागा न्हाई."

सारूबाई बोलेना. या अकरा घरांपलीकडे तिला कुणी नव्हते. बाप्तिस्मा घेतला तेव्हाच गावाने त्यांचे विस्तवपाणी तोडले होते. तिच्या गप्प राहण्याने दानियल अधिकच भडकला. त्याने हात उगारून दार दाखवले, तसा खांद्यावरच्या उपरण्याचा फटकारा दिव्याला बसला आणि दिवा विझला.

चकमक झाडून दुसरा दिवा लावता आला असता, पण तो साहेबांनी लावलेला नसता. दानियलने प्रार्थनेला तोंड उघडले. एवढा मोठा आवाज त्याचा, पण साधे 'प्रभू' म्हणता येईना.

सारूबाई बाहेर पडली. कायमचीच गेली, असे सगळ्यांना वाटले. पण ती घरून एक गाडगे घेऊन आली. काठापर्यंत राख.

"दिव्याचाच इस्तू हाय, दादा. रोज गवरीचा तुकडा पेटवून खापरात न्यायची अन् राखंत पुरायची. वारं काय सांगून येतंय व्हय? मला गाया येत न्हाई, चार मानसांत बोलाया येत न्हाई. इस्तू राखाया येतोय, तेवढं केलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी कदी इचारलंच न्हाई. आज इचारलं, ते दार दावून."

दानियल गाडग्यात डोकावला. करडी, मेलेली राख. संशय अजून सुटला नव्हता.

"ही तर थंड हाय."

"हात घालून बगा."

त्याने बोटे खुपसली आणि ओरडून मागे ओढली. सारूबाईने निखारा वर काढला, वाळल्या गवताची काडी धरून फुंकर घातली आणि दिवा लावला. त्या दिवशी ती पहिल्यांदा मोठ्याने आमेन म्हणाली, म्हणे.

दिवाळीनंतर साहेब आले. दिवा जळत होता. विझला होता हे कुणी सांगितले नसते, पण दानियलने डागलेली बोटे पुढे करून सगळे सांगितले आणि वडीलपण सोडले. पुढे मरेपर्यंत तो ते गाडगे राखत राहिला. निखारा किती खोल पुरायचा, हे त्याला सारूबाईनेच शिकवले.

आता मंदिरात वीज आहे, दिवा नाही. पण आजही मांदळदऱ्यात कुणी दुसऱ्याला 'विश्वासात थंड पडला' म्हणू लागला, तर आधी त्याला या गाडग्यापाशी आणतात. राखेत बोटे घालायची, मग काय ते बोलायचे. शमुवेलबाबांच्या आठवणीत अजून कुणी बोललेले नाही.

गोष्ट संपली की पाहुण्यांतला एखादा हमखास विचारतो, "बाबा, आता यात विस्तव नसेलच ना?" बाबा दोन्ही हातांनी गाडगे उचलतात आणि त्याच्यापुढे धरतात.