कडू घासासोबत आलेला जार

कुरणवाडीचे सरपंच रंगराव यांनी बंगला बांधला. एवढं मोठं आवार, पण संडासाचा शोषखड्डा खणला तो नेमका गावविहिरीच्या काठाला. पावसाळ्यात गावात हगवण पसरली आणि कौतिकाची सहा वर्षांची वैजू तीत गेली.

विहिरीजवळचे खड्डे बुजवावेत, असा ठराव ग्रामसभेत आला. रंगराव गरजले, "माती सगळं गाळून घेते! विहिरीचं पाणी चोख आहे. पुरावा दाखवा, मग बोला."

कौतिका उठली. "दादा, वैजूला पोचवून आलो, त्या दिवशी आमची चूल पेटली नव्हती. वहिनींनी रिवाजाप्रमाणं दुखवट्याचा कडू घास आणला. पिठलं-भाकरी होती, अन् सोबत तुमच्या घरचा विकतच्या पाण्याचा जार. म्हणाल्या, 'बाई, धाकट्याला तरी आता विहिरीचं पाजू नको.'"

रंगरावांनी सभेत बसलेल्या बायकोकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

"वहिनींवर माझा राग नाही," कौतिका म्हणाली. "फक्त तो जार आठ दिवस आधी आला असता, तर त्यांना कडू घास आणावाच लागला नसता."

ठरावाला पहिला हात रंगरावांच्या बायकोनंच वर केला.