निवळ्याची पायरी

निवळ्याच्या नदीकाठी, पुलाजवळ, एक काळ्या दगडाची भिंत आहे. तिच्यावर छप्पर नाही, पुतळा नाही. नऊ नावे आहेत, पण एका ओळीत नाहीत. कुठे वर, कुठे खाली, जणू कोणी वेंधळ्याने कोरली असावीत. नागरिकशास्त्राचे गुरुजी सहावीच्या मुलांना दरवर्षी इथे आणतात. पुस्तकातला ग्रामसभेचा धडा त्यांना पुरत नाही, असे दिसते. मग गावातले कोणी वडीलधारे बोलावले जातात आणि ते हे सांगतात.

संस्थानी काळात इथे पूल नव्हता, लाकडी साकव होता. त्याचे खांब कुजले होते, हे सात पंचांच्या सभेला ठाऊक होते. तीन पावसाळे तो विषय 'पुढील सभेत घ्यावा' असा शेरा मारून पुढे ढकलला गेला, म्हणे. चौथ्या पावसाळ्यात साकवाने पुढील सभेची वाट पाहिली नाही. बाजाराला निघालेली नऊ माणसे गेली. त्यात राघो पाथरवटाची चार वर्षांची सगुणी होती, आत्याचे बोट धरलेली.

राघो रडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने छिन्नीला धार लावली, भाकरी समोर आली ती खाल्ली. बायको काही बोलली तर मान हलवायची, एवढेच त्याला जमत होते.

सभेने मात्र या वेळी तत्परता दाखवली. महिन्याच्या आत स्मारकाचा ठराव झाला आणि काम राघोकडे आले. अध्यक्ष आबासाहेबांनी मजकुराचा कागद दिला. त्यात सातही पंचांची नावे पदव्यांसह होती. खाली बारीक अक्षरांत 'साकव पडून दिवंगत झालेले नऊ ग्रामस्थ'.

"आबासाहेब, त्यांची नावं?"

"अरे, नऊ लिहिलंय की. नवात सगळे आले."

"माझी सगुणी नऊ नव्हती. एक होती."

"राघो, दगड केवढा आणि माणसं किती! मावायला नको?"

"तुमची सात मावली," राघो म्हणाला आणि कागद घेऊन निघाला. त्याला राग आला नव्हता. राग यायलाही आत कोणी जागे असावे लागते.

त्याने शिळा कागदाबरहुकूम कोरली. ठरावात शिळेची लांबी होती, रुंदी होती, अक्षरांची खोली होती. ती कुठे बसवायची, हे लिहायचे राहिले होते. राघोने ती नदीकाठच्या काळ्या भिंतीपुढची पायरी केली. आणि मागच्या भिंतीवर, जिच्यावर कोरायची मनाई कोणी केली नव्हती, नऊ नावे कोरली. प्रत्येक नाव त्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. सगुणीची उंची त्याच्या ओळंब्याच्या दोरीला गाठ मारून ठेवलेली होती, गेल्या दिवाळीची.

उद्घाटनाला आबासाहेब दिवा लावायला पुढे आले आणि पायरीपाशी थबकले. मागे अख्खे गाव उभे.

"चढा की, आबा," कोणी म्हातारी म्हणाली. "दगडच आहे."

त्यांनी वहाणा काढल्या आणि स्वतःच्या नावावर पाय दिला. आठ नावे वाचली. नववे दिसेना. राघोने बोटाने खाली दाखवले. आबासाहेब उकिडवे बसले, आणि बराच वेळ उठले नाहीत, असे सांगतात. राघो हत्यारे गोळा करत होता. बायकोने विचारले, "झालं?" तो म्हणाला, "काम झालं."

पायरी उखडण्याचा विषय पंचांनी लगोलग सभेपुढे आणला. त्यावर शेरा पडला: 'पुढील सभेत घ्यावा.'

तो विषय आजही पुढील सभेत आहे. नवा सरपंच निवडून आला की पहिल्या दिवशी त्याला ती पायरी अनवाणी चढावी लागते. पायरीवरची सात नावे आता झिजून गेली आहेत. मुले विचारतात, इथे कोणाची होती? सांगणाऱ्यालाही आठवत नाही. सगुणीचे नाव मात्र स्वच्छ वाचता येते. आजही त्यासाठी खाली बसावे लागते.