तांब्या आणि पिळलेलं लिंबू

भांडीसुद्धा बोलायची त्या काळात मथुराकाकूंच्या ओट्यावर एक तांब्या राहायचा. दरवर्षी पूजेला कलश म्हणून त्यालाच मांडायचे, त्यामुळे त्याला भारी ताठा होता.

पूजेच्या सकाळी काकूंचा जावई उन्हातून दमून आला. काकूंनी लिंबू पिळून सरबत दिलं. दोन घोटांतच त्याला तरतरी आली. पिळलेली साल मात्र ओट्यावर पडून राहिली.

"संपलीस गं बाई!" तांब्या म्हणाला. "रस गेला, आता तुझं काय उरलं?"



तेवढ्यात काकूंनी तांब्या उचलला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सुनेला हाक मारली, "शेवंता, हा किती काळा पडलाय बघ! शेजारून दुसरा मागून आण."

तांब्याला रडूच फुटलं. "पूजेला मी नाही?"

साल घरंगळत मिठाच्या वाटीत गेली आणि अंगभर मीठ माखून म्हणाली, "काकू, मला घासा की त्याच्यावर!"

काकूंनी खसाखसा घासलं, पाण्याने धुतलं. तांब्या लखलखला. शेवंता दारातूनच ओरडली, "आत्याबाई, नवा कधी आणलात?"

तांब्या कलश होऊन चौरंगावर बसला, पण नजर ओट्याकडे. तिथे काकू त्याच सालीने हातांचा तेलकटपणा घालवत होत्या. मग त्यांनी ती कोपरांवर चोळली.

"अगं, अजून उरलीस?" तांब्याने हळूच विचारलं.

"उरले की रे!" साल हसली. "तू हलू नकोस, डोक्यावरचा नारळ पडेल."