शेंदरी टोपण

"महाराज, मेलेल्यात जीव घालणारा हात... तो माझा म्हणावा की आपला?"

केवलगिरी महाराज मठाच्या ओसरीवर बेलाची पाने निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणात जीव घातलास, रंगनाथा?"

"मोटारीत."

"बरं. माणसात नाही ना अजून?"

रंगनाथ हुद्दार ओसरीच्या पायरीवर टेकला. महाराजांचा अनुग्रह घेतलेला तो शिष्य. शिकलेला, पाठांतराचा पक्का, आणि हे दोन्ही स्वतः जाणणारा. वडिलांच्या माघारी त्यांची जुनी काळी मोटार त्याच्याकडे आली होती.

"मिस्त्रींनी पंप बदलला," तो म्हणाला. "कार्बोरेटर धुतला. त्यांच्या आवारात ती उभ्या उभ्या निमूट चालते. रस्त्याला लागली की काही कोसांवर घुसमटते, आचके देते आणि मरते. मग मी उतरतो. टाकीवर हात ठेवतो, आपण दिलेलं नाम घेतो... आणि ती उठते. प्रत्येक वेळी, महाराज! मिस्त्री आता माझ्या पाया पडतात."

"मग मी कशाला मागे राहू? कर पाय पुढे."

रंगनाथाने पाय मागे घेतले. ओठांवरचे हसू मात्र त्याला आवरले नाही.

"आपण घरी चला. माझी धाकटी बहीण, यमुना, तिला धाप लागली आहे. उतरत नाही. भाऊजी तिला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हणत होते. मी गाडी दिली नाही. आज सर्वांसमक्ष तिच्यावर हात ठेवणार आहे. गावचे लोक जमले आहेत. आपण फक्त आशीर्वाद द्यावा."

महाराजांच्या बोटांतले पान तसेच राहिले.

"चल," ते म्हणाले. "आधी तुझा हात पाहू."

वाट पठारावरून जात होती. भर दुपार. झाड नाही, पाखरू नाही. खडकांच्या सावल्यासुद्धा खडकांखाली शिरल्या होत्या.

इंजिनाने एक आचका दिला. मग दुसरा. गाडी थोडी पुढे सरकली आणि थांबली.

रंगनाथाच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. आनंद होता. मनुष्याला आपल्या अडचणीचा आनंद होऊ लागला, की त्याच्यासाठी भ्यावे.

तो लगबगीने मागे गेला. महाराजही उतरले. टाकीचे टोपण शेंदराने लिंपलेले होते. थरावर थर चढले होते, इतके की ते टोपण न वाटता वाटेवरचा अनगड देव वाटावा. डोळे तेवढे बसवायचे राहिले होते.

"पेट्रोलचा काटा चालत नाही," रंगनाथ म्हणाला. "म्हणून आधी उघडून आत पाहतो."

त्याने टोपण फिरवले. त्या क्षणी महाराजांना काही ऐकू आले. रंगनाथाला आले नाही. तो नाम पुटपुटू लागला होता.

टोपण लावले. हात ठेवला. गाडी सुरू झाली.

"पाहिलंत?"

"ऐकलं," महाराज म्हणाले.

पुढे पठाराच्या मधोमध ती पुन्हा मेली.

"आता टोपण उघडू नकोस. नुसता हात ठेव. नाम घे."

"पण आधी आत पाहून..."

"मघाशी पाहिलंस. पेट्रोल आहे."

रंगनाथाने हात ठेवला, नाम घेतले, येऊन किल्ली फिरवली. इंजिन घरघरले. पेटले नाही. तो पुन्हा मागे गेला. पुन्हा आला. अखेरीस त्याने नाम घेतले नाही, गाडीलाच ओरडून हाक मारली. पठाराने प्रतिध्वनीदेखील दिला नाही.

"महाराज... आपण माझ्यावर रागावलात का?"

"मी काय करू? ती तुझं ऐकत नाही."

महाराज मागे गेले. डाव्या हाताच्या चिमटीत त्यांनी स्वतःची जीभ धरली, चुकूनही नाम निसटू नये म्हणून. उजव्या हाताने टोपण फिरवले.

टाकीने श्वास ओढला.

लांब, खोल. बुडता माणूस पाण्याबाहेर आल्यावर ओढतो तसा. मग पत्र्याचे पोट टक् करून फुगले. रंगनाथाने वळून पाहिले. त्या दोघांशिवाय तेथे कोणीही नव्हते.

महाराजांनी जीभ सोडली.

"फिरव किल्ली."

इंजिन थोडे घरघरले आणि पेटले.

महाराजांनी टोपणाच्या शेंदरात नख घातले. रंगनाथ शहारला.

"महाराज, तो देव..."

"टोपण आहे."

शेंदराची खोळ निघाली. खाली सुईच्या अग्राएवढे एक छिद्र होते.

"हे कुणी बुजवलं?"

"दसऱ्याला पूजा केली होती... मग दर शनिवारी करत गेलो."

"ज्याला पुजलंस, त्याचंच नाक बुजवलंस."

रंगनाथ छिद्राकडे पाहत राहिला. बुद्धी त्याच्यापाशी होती. ती आता जागी झाली.

"म्हणजे पेट्रोल खाली जायचं आणि वरून हवा मिळायची नाही. मी उघडलं की ती आत शिरायची... म्हणून ती उठायची. मग नाम...?"

"नामाला मध्ये आणू नकोस. मी मोटारी हाकतो, असं नाम तुला कधी म्हणालं होतं?"

रंगनाथाने खाली पाहिले. आपला उजवा तळहात त्याने धोतराला पुसला. पुन्हा पुसला.

"महाराज... एक आपल्यापासून लपवलं."

"सांग."

"सकाळी निघताना मी यमुनेवर हात ठेवून पाहिला होता. खोलीत आम्ही दोघंच होतो."

"मग?"

"धाप थांबली. शांत झाली ती. डोळे मिटले. मला वाटलं, लागू पडलं..."

त्याचा आवाज उतरला.

"सर्वांसमक्ष मीच उठवीन, तोवर तिला कुणी उठवू नका, असं सगळ्यांना बजावून आलो."

महाराज गाडीत जाऊन बसले. दार ओढून घेतले. रंगनाथ तेथेच उभा होता. त्या रखरखीत उन्हात त्याचे दात वाजत होते.

"मोटारही बंद पडली की शांतच होते," महाराज म्हणाले. "आता घे नाम, रंगनाथा... आणि गाडी हाक."